टायरला शेक

लाल रंगाची, सेकंडहँड, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतल्यापासून आमच्या घरात एकच भांडण आहे. माणसं तीन, सीटं दोन. मी, बायको आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. कुठेही जायचं झालं की आम्ही दोघं गाडीने आणि सासूबाई बसने. (वाटेत त्यांची बस आम्हाला ओलांडून पुढे जाते आणि त्या खिडकीतून हात करतात. असो.)

शेवटी एकदा बायकोचा संयम संपला.

"ही विका आणि मागे सीट असलेली, माणसांची गाडी घ्या."

"अगं, ही रस्त्यावरची गाडीच नव्हे! हिचं खरं तेज रेसच्या ट्रॅकवर दिसतं."

"मग दाखवा की. रविवारी तो ट्रॅक सगळ्यांना खुला असतो ना? तिथे एक, फक्त एक गाडी मागे टाकून दाखवा. जमलं तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी विकायची."

मी तावातावाने "चालेल" म्हणालो. ताव ओसरल्यावर लक्षात आलं की रविवार जवळ आलाय आणि तेवढ्यात काही आपलं ड्रायव्हिंग सुधारणार नाही. टायर मात्र बदलता येतील. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी नवीन अंगणच विकत घ्यायचं ठरवलं.

पण टायर निवडणं म्हणजे डोक्याला ताप! ऑफिसात विचारलं, तर ज्याच्याकडे साधी सायकल नाही तोच सगळ्यात जास्त बोलला. एक म्हणे मऊ घ्या, दुसरा म्हणे मऊ झिजतात, तिसरा म्हणे गाडीच विका. (हा माझ्या बायकोशी फोनवर बोलला असावा.) रात्री जेवताना मी स्वतःशीच पुटपुटलो, "मऊ घ्यावं की मध्यम?"

"मऊच घ्या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "कडक उशीने मान धरते."

टायरच्या दुकानात मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी कशी चालवता?"

आता, डॉक्टरने "किती खाता?" आणि टायरवाल्याने "कशी चालवता?" विचारलं, तर खरं कोण सांगतं? मी गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणालो, "जरा जोरातच."

"मग हे घ्या. अस्सल ट्रॅकचे. पण एक सांगतो, हे तापल्याशिवाय रस्ता धरत नाहीत. गार असले आणि त्यात रस्ता ओला असला, तर साबणावर उभं राहिल्यासारखं होतं. तुम्ही जोरात चालवता, तेव्हा तुमचे आपोआप तापतील."

"तापतील म्हणजे काय! वाफा निघतील," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं ते असं.

रविवारी सकाळी चांगलीच थंडी होती. आमचं पार्किंग तळघरात आहे आणि वर यायला उतार आहे. तो वॉचमनने नुकताच धुतला होता. मी ऐटीत गाडी सुरू केली, अर्ध्या उतारापर्यंत आलो, आणि गाडी चाकं गरागरा फिरवत जागच्या जागी उभी राहिली. मग शांतपणे मागे घसरत आपल्या जागेवर जाऊन लागली. इतकी सरळ गाडी मला आजवर पार्क करता आलेली नाही.

"काय झालं?" बायको.

"टायर गार आहेत. तापवायला हवेत."

"कसे तापतात?"

"जोरात चालवून."

"आणि जोरात कधी चालवता येईल?"

"तापल्यावर."

बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला होकार दिला त्या दिवसापासूनचा सगळा हिशेब त्या नजरेत होता. तेवढ्यात स्वेटर चढवून सासूबाई खाली आल्या. हातात गरम पाण्याची पिशवी.

"हे घ्या. माझा गुडघा जिना चढत नाही तेव्हा मी हेच करते."

आणि तळघरात उकिडवा बसून मी, एका स्पोर्ट्स कारचा मालक, टायरला शेक देऊ लागलो. वॉचमन तोंड फिरवून हसत होता. शेवटी त्यानेच चाकाखाली पायपुसणी टाकली आणि गाडी वर चढली. श्रेय अर्थातच पिशवीला मिळालं. "राहू दे बरोबर," म्हणत सासूबाईंनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

ट्रॅकवर मी जीव मुठीत धरून गाडी हाकली. एक गाडी गेली. दुसरी गेली. मागच्या काचेवर 'हळू, बाळ आहे' असं लिहिलेली एक गाडीसुद्धा मला ओलांडून गेली. मी मागे टाकली ती एकच, आणि तीही पंक्चर होऊन कडेला उभी होती. बायकोने ती धरली नाही.

मी थांबलो तसा तिथल्या प्रशिक्षकाने वाकून टायरला हात लावला. पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमची फेरी व्हायचीय ना अजून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी गेलीच म्हणायची! डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. ते बायकोला दिसलं असावं.

"उतरा," ती म्हणाली. "बघू तरी काय आहे एवढं."

प्रशिक्षक शेजारी बसला, बायको निघाली. पहिल्या वळणावर ती दिसली, नंतर नुसताच लाल पट्टा. बाळाची गाडी मागे पडली, मग आणखी एक, मग आणखी. परत आली तेव्हा प्रशिक्षकाचा चेहरा पांढरा पडला होता आणि टायर असे तापले होते की मी हात लावून चटकन मागे घेतला.

"गाड्या मागे पडल्या!" मी ओरडलो. "पैज जिंकलो! आता गाडी विकायची नाही!"

"छे, आता कशाला विकतेय?" ती म्हणाली. किल्ली तिने पर्समध्ये टाकली होती.

तर गाडी राहिली. सीटंही दोनच राहिली. एकावर बायको असते, दुसऱ्यावर सासूबाई. मी बसने मागून येतो आणि थंडी असली की मांडीवर पिशवी घेतो. बस त्यांना अजून एकदाही ओलांडू शकलेली नाही.