सावनेरचे जावईबापू डॅनी

नागपुरात मनीषनगरच्या भाजीबाजारात साडेसहा फुटी गोरा माणूस गुडघे वाकवून, दोन्ही तळवे छातीसमोर धरून, उलट्या पावलांनी सरकताना दिसला तर घाबरू नका. तो आमचा डॅनी. पुढे त्याची बायको वैशाली कोथिंबीर निवडत असते आणि हा तिच्याकडे पाठ करून, मागून येणाऱ्या गर्दीकडे तोंड करून चालत असतो. एकदा एक मोकाट गोऱ्हा फुलकोबीच्या ढिगाकडे निघाला. बाजार पांगला. डॅनीनं त्याच्या खांद्याला दोन्ही तळवे लावले आणि बारीक बारीक पावलं टाकत त्याला पार मेडिकल स्टोअरच्या पायरीपर्यंत सरकवत नेलं. मारलं नाही, ओरडला नाही. गोऱ्हासुद्धा आपण इथं कशाला आलो होतो ते विसरल्यासारखा उभा राहिला. डॅनी हात झटकत मला म्हणाला, "मांगच्याले लागलं नाही पाहिजे. बाकी काही नाही गा."

ही मराठी त्यानं वैशालीचं आईशी फोनवर चाललेलं बोलणं ऐकून आणि भाजीवाल्यांकडून उचललीय. त्यामुळे प्रमाण मराठीत त्याला "कसे आहात?" विचारलं तर तो गोंधळतो, आणि "काय करून राहिले?" म्हटलं की खुलतो.

वैशाली फिजिओथेरपिस्ट आहे, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात जाते. अमेरिकेत असताना डॅनीचे निकामी झालेले गुडघे तिनं चालते केले. मग दोघांनी लग्न केलं आणि तिला परत यायचं होतं म्हणून तोही आला. आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार त्याच्यासाठी उंच करून घ्यावं लागलं.

तो अमेरिकेत फुटबॉल खेळायचा, पोटासाठी, हे कळल्यावर मी हवेत गेलो. माझ्या शेजारी फुटबॉलचा स्टार! मी कॉलनीत बातमी पसरवली, गोल चेंडू विकत आणला आणि डॅनीच्या हातात ठेवला. त्यानं तो अनोळखी बाळासारखा लांब धरला. त्यांचा चेंडू लांबट असतो हे मला तेव्हा कळलं. आणि डॅनीनं तोही कधी धरलेला नाही हे त्यानंतर. त्याचं काम एवढंच, की चेंडू फेकणारा मागे उभा असतो, त्याच्या अंगावर धावून येणाऱ्या रेड्यासारख्या माणसांना अडवायचं. डाव्या टोकाला. वर्षानुवर्षं. मोडून मोडून त्याची बोटं सगळी वेगवेगळ्या दिशांना बघतात. एकदाच चेंडू निसटून त्याच्या पुढ्यात पडला, तेव्हा हा त्याच्यावर आडवा झाला. तेवढीच त्याची आणि चेंडूची ओळख.

"मंग माइकवर तुमचं नाव कवा घेत?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"चूक झाली तवा."

अशा नोकरीचा एक फायदा मात्र मला फार आवडला. वजन टिकवण्यासाठी खाण्याचे पैसे मिळत. मी जन्मभर ते फुकट केलं.

नागपूरच्या रीतीभातींसाठी डॅनीनं मला कोच नेमलं होतं. माझी कामगिरी अशी: लग्नात वाढताना आग्रह करायचा, समोरचा नाही म्हणाला तरी वाढायचं, असं मी शिकवलं. पुढच्याच लग्नात त्यानं जिलेबीचं ताट उचललं. अख्खा दरवाजा व्यापणाऱ्या माणसाला नाही म्हणायची कोणाची हिंमत? आमच्या सोसायटीच्या शुगरवाल्या सेक्रेटरींनी डोळ्यांत पाणी आणून खाल्ली. तेव्हापासून ते मला गुड मॉर्निंग म्हणत नाहीत.

पण डॅनीला एकच रीत साधायची होती, ती म्हणजे सासऱ्यांशी बोलणं. वैशालीचे वडील देवरावजी सावनेरजवळ कपाशी करतात. एकुलत्या मुलीनं परदेशात, त्यांच्या पाठीमागे लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी जावयाशी धड एक शब्द उच्चारला नव्हता. मुलीच्या घरी येत नव्हते. डॅनी दर सणाला फोन करायचा. ते "हं, वैशालीच्या मायले देतो" म्हणून फोन पुढे करायचे. ते "हं" तो दिवसभर मिरवायचा.

मी मदतीला धावलो. कोणी बोलावलं नव्हतं, तरी सावनेरला गेलो आणि देवरावजींना जावयाची थोरवी सांगितली. त्यांनी एकच प्रश्न केला, गोल किती केले? नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, शंभरेक असतील. त्यांनी मान हलवली. मी खूश होऊन परतलो.

मग अधिक महिना आला. जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं असतं. सासूबाईंनी नवऱ्याला बजावलं, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण धोंड्याचा महिना मी चुकवणार नाही. निरोप आला. डॅनीनं माझ्याकडून चार दिवस सराव करून घेतला. मी सांगितलं, काहीच करायचं नाही, बसायचं, पाय धुऊन घ्यायचे, जे देतील ते घ्यायचं. यात कोण काय चुकणार?

गेलो. ओसरीवर आत्या, मावश्या, भावकी. पाय धुवायला आणलेल्या ताम्हणात डॅनीचं एकच पाऊल मावलं, तेही तिरपं. सासूबाईंनी न हसता दुसऱ्यासाठी कणीक मळायची परात आणवली. अनारसे झाले, कापड दिलं. सासरे खुर्चीत ताठ. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदा सरळ जावयाला विचारलं, गोल किती केले?

"एक बी नाही," डॅनी म्हणाला.

देवरावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अनारशावरची खसखस निरखू लागलो.

"मंग करत काय होते?"

"मांगं एक जण उभा राहे. त्याले कोणी पाडू नये म्हणून मी समोर उभा राहो."

"अन् पब्लिक?"

"पब्लिक बॉल पाहे. माही माय मले पाहे. बॉल कुठं गेला तिले मालूमच नसे."

कोणीतरी मावशी "अगंबाई" म्हणाली. डॅनीनं खिशातून एक डबी काढली. तिच्यात जड, चावीचं मनगटी घड्याळ होतं. तो उठला, सासऱ्यांपुढे गेला आणि कष्टानं गुडघे मोडून खाली बसला. जावई देतो? धोंड्याच्या महिन्यात? आत्या उभ्याच राहिल्या. ही उलटी रीत कोणी शिकवली, म्हणून सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी त्याचा सदरा ओढून कुजबुजलो, घ्यायचं आहे, द्यायचं नाही.

"मले मालूम आहे गा," तो मला म्हणाला. मग सासऱ्यांकडे वळला. "आमच्यात रिवाज आहे, मामाजी. सीझन संपला का तो मांगचा माणूस समोरच्याले गिफ्ट देते. मले हे भेटलं. वैशाली सांगते, ती शिकाले नागपूरले निघाली तवा साऱ्या भावकीनं अडवलं. तुमी त्याहिले अडवून दारात उभे राह्यले. ती तुमच्या मांगून निघून गेली. म्हणून मले भेटली. तुमाले कोणी काही देलं काय?"

भावकी खाली बघू लागली. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत होती. तिनं तो तोंडाशी नेला.

देवरावजींनी घड्याळ घेतलं. मनगटात ते सैल झालं, कोपरापर्यंत घसरलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बाहेर ऊन डोक्यावर होतं आणि काटे भलतंच काही दाखवत होते.

"बंद हाये?"

"नाही. रोज चावी देतो. तिकडची वेळ आहे. माय एकटी राहते तिथं." डॅनी घाईनं म्हणाला, "थांबा, तुमची वेळ लावून देतो."

त्यानं हात पुढे केला. देवरावजींनी घड्याळावर तळवा ठेवला.

"राहू द्या, जावईबापू."

जेवणं झाली. मला त्या दिवशी कोणी आग्रह केला नाही आणि ते योग्यच होतं.

आता मी आणि डॅनी संध्याकाळी बाल्कनीत चहा घेत बसतो. चहा उकळायच्या सुमारास सावनेरहून फोन येतो. पलीकडून देवरावजींचा खडा आवाज मलाही ऐकू येतो.

"सात वाजले तिकडं. माय उठली असन. फोन लावला काय?"