महिपतीचं नाक

पिंपळीच्या महिपती आबाला आजवर कुणी गंडवलं नव्हतं! निदान तो स्वतः तसं सांगत असे. बैल घेताना दात बघायचा, बियाणं घेताना दाणा चावायचा आणि माणूस म्हणे नुसत्या नाकानं ओळखायचा. मानही तेवढाच! बारामतीच्या एसटीत तो कुठंही बसला की शेजारचा माणूस लगेच उठून उभा राहायचा. "मोठ्या माणसाची कदर अजून हाय लोकांत," असं तो घरी येऊन बायकोला, फुलाबाईला, सांगायचा.

एका वर्षी त्यानं वाडवडिलांपासूनची शेरडं-मेंढरं विकली. राखला तो एकच बोकड, वस्ताद. आलेल्या पैशातून घरी पिठाची गिरणी टाकायची, हे फुलाबाईनं पक्कं केलं होतं. गिरणीची जागासुद्धा तिनं सारवून ठेवली होती.

तेवढ्यात पुण्याहून बापूसाहेब उगवले! त्या वर्षी शेअरचं खूळ गावोगावी शिरलं होतं. बापूसाहेबांची कंपनी हवा गाळायचं यंत्र बनवणार होती. नमुन्याचं एक यंत्र, आत पांढरी जाळी बसवलेला डबा, त्यांनी सोबतच आणलं होतं.

"धूळ, धूर, वास, तिन्ही गायब! आज शेअर घ्या, उद्या बंगला बांधा!"

"हवा काय चहा हाय व्हय, गाळायला?" महिपतीनं विचारलं.

"परदेशात तपासलंय हो!"

"परदेशात आमचा वस्ताद हुता का?"

शेजारचा गोकुळ, वांगी-टोमॅटोवाला, म्हणाला, "आबा, तुमी घेतलं तर मी बी घेतो."

"आवो, गिरणीचं पैसं हायती ते!" फुलाबाई कळवळली.

"म्हणून तर तपासतोय! खात्री पटल्याबगार दमडी सुटायची न्हाय!"

वस्ताद ऐन माजात होता. त्याच्या वासानं भली भली माणसं वाट बदलत. त्याला रिकाम्या खोलीत कोंडलं, यंत्र चालू करून आत ठेवलं आणि कडी घातली. आतून आधी घरघर आली, मग धडधड, मग काहीच नाही.

"बघा, किती शांत चालतंय!" बापूसाहेब म्हणाले.

जेवणं उरकून महिपतीनं कडी काढली. आत जाऊन छाती भरून श्वास घेतला. कोपऱ्यात वाकून घेतला. शेवटी वस्तादाच्या मानेलाच नाक लावलं!

"आयला! वास न्हाय! खुद्द बोकडाला बी न्हाय!"

नाकाला रुमाल लावून दारात उभे असलेले बापूसाहेब चाटच पडले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण गडी लगेच सावरला आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

"थांबा!" फुलाबाई आत घुसली. वास तिलाही आला नाही, तीही मेंढरांतच वाढलेली. पण डोळे शाबूत होते. "आवो, ही वायर तर निघालीया! आन् डब्यातली जाळी कुठं गेली?"

वस्ताद निवांत रवंथ करत होता. त्याच्या ओठाला पांढरी चिंधी लोंबत होती.

दुसरा कुणी इथं थांबला असता. महिपती नाही!

"अगं खुळे, बंद पडून, जाळी बोकडाच्या पोटात जाऊन येवढं काम! मग चालू आसल्यावर काय करंल! गोकुळ, ये, वास घे!"

"मी हितंच बरा हाय!" गोकुळ लांबून, बांधावरून ओरडला.

"का रं?"

"हितं उभा ऱ्हाऊन डोळ्यांस्नी पाणी आलंय, आबा!"

"मग मला कसा येत न्हाय?"

गोकुळ चुळबुळला. शेजारधर्म आड येत होता.

"तुमाला कसा येणार? त्यो तुमचाच वास हाय की! जन्मापासनंचा! आमी तुमच्याकडं आलो की वारा येईल त्या अंगाला बसतो, कधी बगितलं न्हाय व्हय?"

फुलाबाईनं हळूच पदर हुंगला. महिपतीला मनापासून वाईट वाटलं, पण हटला नाही. "सायेब, नवी जाळी बसवा! परत परीक्षा! आता नाक गोकुळचं!"

"जाळी पुण्याहून आणतो," म्हणत बापूसाहेबांनी डबा काखोटीला मारला. ते गेले ते गेलेच!

महिन्याभरात गिरणी ठरवायला महिपती बारामतीला निघाला. दोनदा साबण लावून आंघोळ केली, धुवट धोतर नेसला, वर अत्तराचा फाया. एसटीत बसला, तोच शेजारचा माणूस उठला.

"पावनं, खरं सांगा. मान म्हणून उठलासा न्हवं?"

पाहुणा घुटमळला. "व्हय... मान म्हणूनच."

पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवील तो महिपती कसला! तो उठला आणि पुढच्या माणसाशेजारी जाऊन बसला. तोही उठला. मग त्याच्या पुढचा. महिपतीनं नेटानं एकेक बाक तपासत नेला. बारामतीच्या स्टँडात गाडी लागली तेव्हा तो एकटाच बसलेला होता. बाकी सगळी एसटी उभी होती!