हातपंपाची शाश्वतता

गावातला हातपंप अकरा वर्षं विनातक्रार चालू आहे, ही गंभीर बाब विकास कार्यालयाच्या लक्षात आली आणि चौकशीला एक साहेब आले.

पंप चालत होता तो मिस्त्रीणकाकूंमुळे. नवरा पंपमिस्त्री होता. तो गेल्यावर काकूंनी त्याचा पाना हाती घेतला. वायसर झिजला की जुन्या ट्यूबचा तुकडा कापायचा, बसवायचा आणि हात धुऊन घरी जायचं. याबाबत कधीही ठराव झालेला नव्हता.

"म्हणजे प्रकल्प एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही नसलात तर?"

"म्हणून तर दोघीजणींना शिकवतेय."

"शिकवण्याचं प्रमाणपत्र?"

काकू हसल्या. साहेब हसले नाहीत.

महिन्याभरात तेरा जणांची पाणी समिती झाली. काकूंना तिच्यात घेता येईना, कारण दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्तीवर देखरेख करणं नियमात बसत नव्हतं. दुरुस्तीही करता येईना, कारण त्यासाठी दहावीची गुणपत्रिका हवी होती. सचिवपद मात्र घरातच आलं, काकूंच्या सुनेकडे.

समितीने लोकसहभागाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. चौथ्या दिवशी पंप बंद पडला. समितीने बिघाडाची सविस्तर नोंद केली. अधिकृत मिस्त्री स्वतःच प्रशिक्षणाला गेला होता. बायका ओढ्यावर जाऊ लागल्या. दर सोमवारी बैठक होई, हजेरी शंभर टक्के. पाणी नसतानाही समिती टिकून आहे, याला शाश्वतता म्हणतात, असं साहेबांनी वर कळवलं. समितीला मानाची ढाल मिळाली.

सतराव्या दिवशी शेजारची म्हातारी ओढ्याच्या दगडांवर घसरून पडली. आता मात्र काकूंना राहवेना. भरदुपारी त्यांनी पंप उघडला, वायसर बदलला. दांडा चार वेळा कोरडाच कुरकुरला. पाचव्यांदा पाणी आलं. बघता बघता रांग लागली. अध्यक्ष सगळ्यांत पुढे.

संध्याकाळी सून कागद घेऊन आली. "आई, विनापरवाना दुरुस्ती केली म्हणून खुलासा मागवलाय तुमच्याकडून. पोच म्हणून सही हवी."

काकूंनी खालच्या सह्या मोजल्या. तेराच्या तेरा.

"अगं, तुझीसुद्धा?"

"सचिवाची लागतेच ना हो."

"आणि बाकीचे? एकानेही हरकत घेतली नाही?"

सुनेने मान खाली घातली. "घेणार होते काहीजण. पण घागरी भरून झाल्या होत्या ना, सगळ्यांना घरी जायची घाई."