आहे त्या स्थितीत

दिगंबर मेस्त्रींना चहा दिला तर ते साखर कमी की जास्त, कधी विचारत नाहीत. कप हातात घेतात, वरून खालून न्याहाळतात आणि म्हणतात, "आसा त्या स्थितीत घेतंय." डब्यातली पोळी वातड असो, बसायच्या खुर्चीचा पाय हलत असो, कुवेतचा उन्हाळा असो, मेस्त्रींचा निकाल एकच. एकदा वर्कशॉपमध्ये त्यांच्या अंगठ्यावर हातोडी पडली. मी धावत गेलो, तर अंगठा माझ्यापुढं धरून म्हणाले, "ऱ्हवांदे. आसा त्या स्थितीत."

हे वाक्य त्यांनी एका अमेरिकन माणसाकडून उचललं होतं. तो माणूस रोज दुपारी त्यांच्या मोबाईलमध्ये येई आणि दात दाखवत जुनी घरं होलसेलमध्ये विकून श्रीमंत कसं व्हायचं ते सांगे. मेस्त्रींना इंग्रजी चार आणे कळायचं. उरलेले बारा आणे ते आपल्या गावच्या कुडाळहून घालायचे.

आमची ओळख कुवेतच्या राई भागातली. तिथल्या एका फर्निचर शोरूममध्ये मी कॉम्प्युटरवर डिझाईन काढतो आणि मागच्या वर्कशॉपमध्ये मेस्त्री त्यावरून कपाटं करतात. मी पुण्याचा, म्हणून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "पुणेकर" म्हणतात, आणि ते अशा सुरात की मी स्वतःच जरा ओशाळतो.

"पुणेकर, मी डायरेक्ट मेल सुरू केलंय," असं त्यांनी एका दुपारी जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं रेल्वेचं काही असेल. मी विचारलं, कुठून कुठपर्यंत? त्यावर त्यांनी माझ्याकडं कीव करून पाहिलं आणि धंदा समजावून सांगितला. गावाकडं कुलूप लागलेली घरं शोधायची. मालकाला पत्र पाठवायचं. तो कंटाळलेला असतोच, तो भाव सांगतो. मग आपण दुसरं गिऱ्हाईक गाठून जास्त भावानं ते त्याच्या गळ्यात घालायचं. मधला फायदा आपला. घर घ्यायचं नाही, बघायचंसुद्धा नाही.

"म्हणजे दलाली," मी म्हणालो.

"दलाल नाय! होलसेलर!" ते एवढ्या जोरात ओरडले की रंधा मारणारा बंगाली थांबला.

पत्र कसं असावं याचे नियमही त्या दात दाखवणाऱ्यानं घालून दिले होते. कागद पिवळा, शाई लाल, अक्षर हातचं आणि तिकीट मुद्दाम तिरकं. "हातान लिवलेला पत्र कोण फाडून टाकना नाय," हे मेस्त्री मला दिवसातून दोनदा ऐकवत. जेवणाच्या सुट्टीत ते लाकडाच्या भुशात मांडी घालून पिवळ्या कागदांवर लाल अक्षरं काढत बसायचे. मजकूर मात्र मला दाखवत नसत. धंद्याचं गुपित पुणेकराला दाखवणं त्यांना धोक्याचं वाटे.

टपालखात्याचं काम हमीदभाईंकडे होतं. हमीदभाई म्हणजे आमचे राजापूरकडचे ड्रायव्हर. ते सुट्टीवर निघाले की बॅगेत ब्लँकेट, दूध पावडर, अत्तर आणि मेस्त्रींचा गठ्ठा. गावात गेल्यावर बंद दरवाजे हेरायचे, मालकांची नावं काढायची, पाकिटांवर टाकायची आणि ती तिथून पोस्टात सोडायची, एवढं सगळं ते मैत्रीखातर करत. पहिल्यांदा गठ्ठा हातात घेतला तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलं होतं, "दिगूभाई, पिवळा कागद, लाल अक्षर, लग्नाबिग्नाचं काय आहे काय हे?" मेस्त्रींनी त्यांनाही धंद्यातलं काही कळत नाही असं ठरवून टाकलं.

या सगळ्यामागं एक घोर होता. शोरूममध्ये आता तयार फर्निचर येऊ लागलं होतं, आणि मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, मेस्त्रींना सांगून टाकलं होतं की यंदा त्यांचा इकामा, तिथं राहायचा परवाना, वाढवणार नाही. इकामा नाही तर कुवेत नाही. पन्नाशीचा हा माणूस, लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून गावच्या घराला कुलूप. त्यांनाच कोणी पिवळं पत्र धाडावं अशी त्यांची गत होती.

"एक डील होवंदे पुणेकर, एकच," ते म्हणायचे. "रिकाम्या हातान ता कुलूप उघडूक माझो हात होवचो नाय." हे म्हणताना त्यांच्या आवाजातला होलसेलर कुठे जायचा कोण जाणे. मला त्यांची फार दया यायची आणि ती दाखवली तर ते मारतील अशी भीतीही वाटायची.

मग एके दिवशी जेवताना फोन वाजला. भारताचा नंबर. मेस्त्रींनी तोंडातला घास गिळला, फोन स्पीकरवर टाकला आणि ठेवणीतली मराठी काढली.

"पत्र पोचलं तुमचं," पलीकडून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "घरात सगळ्यांनी वाचलं. पण एवढी घाई कशासाठी?"

"धंद्यात घाई बरी असते," मेस्त्री म्हणाले.

"धंदा?"

"होलसेलचा आहे ना आपला. एक झालं की लगेच दुसरं. महिन्याला चार-पाच तरी करायची आहेत."

मग गृहस्थ कापऱ्या आवाजात म्हणाले, "चार-पाच?"

"मी स्वतःकडे ठेवत नाही हो! बघतसुद्धा नाही. पुढं दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळा होतो."

त्यानंतर जे ऐकू आलं त्यातले "पोलीस", "नालायक" आणि "माझी एकुलती एक भाची" एवढेच शब्द मला लिहिता येतील. फोन आपटला गेला. मेस्त्री हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले. मी त्यांच्या मांडीखालचा एक पिवळा कागद ओढला आणि वाचला.

"सप्रेम नमस्कार. मी दिगंबर. कुवेतला असतो. तुमचे घर मला मनापासून पसंत आहे. जुने असले तरी हरकत नाही. आहे त्या स्थितीत स्वीकारीन. तुम्हांस कसलाही खर्च पडू देणार नाही. देणेघेणे आपसांत ठरवू. गावात बोभाटा न करता लवकरात लवकर उरकून टाकू. इच्छा असल्यास फोन करावा."

मी भुशात आडवा पडून हसलो. अख्ख्या राजापूर तालुक्यात या माणसानं हळदीकुंकवाच्या रंगात घाऊक मागण्या घातल्या होत्या! पुढचे काही दिवस फोनवर बायोडेटा येत राहिले. एकानं पत्रिका पाठवली, एकानं मंगळ चालेल का विचारलं. घराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मेस्त्रींनी लाल पेन फेकून दिलं, मोबाईलमधल्या अमेरिकनाला बंद केलं आणि दिवसचे दिवस कोणाशी बोलेनासे झाले.

तशात आणखी एक फोन आला. ते उचलेनात, म्हणून मीच उचलला. बाईंचा आवाज होता.

"मी सुमन. कोकम सरबत करून विकते. तुमचं पत्र चारदा वाचलं. तुम्ही घर मागताय की मला, तेवढं काही कळलं नाही. म्हटलं, विचारावं."

मी फोन मेस्त्रींच्या कानाला लावला.

"घर," ते घाबरून म्हणाले. "आमच्या माणसाक ता बंद दिसला."

"बरं. घर विकायचं नाही. आणि ते बंदही नाही हो. वडील गेल्यापासून मी एकटीच राहते. पुढचं दार फुगून बसलंय, म्हणून मागच्या दारानं ये-जा करते. येणारंजाणारंही कोणी नाही, तेव्हा अडतही नाही. तुमच्या माणसाला वाटलं असेल, कुलूपबंद आहे."

मेस्त्री एकदम ताठ बसले. "दार वरसून घासता की खालसून?"

"खालून."

"बिजागरीकडे की कडीकडे?"

"आता बघून सांगते, थांबा."

त्या बघून आल्या. मग लाकूड फणसाचं की सागाचं, चौकट कलली आहे का, असं ते दार मेस्त्रींनी फोनवर अर्धा तास तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. जेवणाच्या सुट्टीत मेस्त्री फोन घेऊन प्लायवूडच्या थप्पीमागं जायचे आणि आम्ही सगळे, बंगालीसुद्धा, हळू आवाजात जेवायचो.

इकामा संपायच्या सुमारास मी त्यांना सामान बांधायला मदत करत होतो. ब्लँकेट नाही, दूध पावडर नाही. बॅगेत रंधा, पटाशी आणि पितळेच्या जाड बिजागऱ्या. तेवढ्यात सुमनताईंचा फोन आला. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"ऐका," मेस्त्री म्हणाले. ठेवणीतली मराठी त्यांना सापडेना. "आधीच सांगतंय. नोकरी गेली. गुडघो दुखता. केस रंगवतंय. डील एक पण झाला नाय. रिकाम्या हातान येतंय."

पलीकडं भांड्याचा आवाज झाला. बाजूला सारल्यासारखा.

"तुम्हीच लिहिलंत ना," सुमनताई म्हणाल्या. "जुने असले तरी हरकत नाही. या, आहे त्या स्थितीत."

मेस्त्री माझ्याकडं पाठ करून बॅगेची चेन ओढत बसले. ती केव्हाच लागली होती. मी आपला पुणेरी खवचटपणा पुढं केला.

"काय मेस्त्री, एवढ्या बिजागऱ्या? किती घरांचा माल हा?"

"एकाच," ते डोळे पुसत म्हणाले. "होलसेल खल्लास, पुणेकर. आता रिटेल."