आबांच्या वयातली नऊ वर्षं

राधाकिशन साहेब जेवायला येणार, ही बातमी मुंजाजीनं आजोबांना सांगितली ती नेमकी कार्यक्रमाच्या सकाळी. आबा खूश होतील असं त्याला वाटलं होतं. राधाकिशन म्हणजे आबांच्या हाताखाली शिकलेला धनगराचा पोरगा, आता तालीमखात्यात शाळा तपासणारा मोठा साहेब. पण आबांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ते उठले, नातवाच्या दंडाला धरून त्याला कडब्याच्या गंजीमागं घेऊन गेले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "कुणाला इचारून बलावलंस त्याला?"

आबा म्हणजे सुंदरराव. तलवाड्याजवळच्या त्या वाडीत तीस वर्षं त्यांनी निजाम सरकारची शाळा चालवली. शिकवणारे तेच, हजेरी मांडणारे तेच, घंटा वाजवणारेही तेच. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून ते मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बसत आणि मेंढरं मोजता मोजता पोरांना बेरीज शिकवून येत. कुणाच्याच आईला पोराची जन्मतारीख माहीत नसे. मग आबा विचारत, तेव्हा विहिरीला पाणी होतं का, टोळ कधी आले होते, थोरली गाय व्याली होती का. त्यावरून हिशेब लावून ते पोराला तारीख देत. अर्ध्या गावाचे वाढदिवस आबांनी ठरवलेले होते. आणि खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांच्या छडीतून सूट नव्हती.

यंदा आबांना एक्याऐंशी झाली. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सोहळा करतात, हे मुंजाजीनं बीडला एका वकिलाच्या घरी पाहिलं होतं. आबांचं कौतुक त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा तरी व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं भटजी ठरवले. गावाला आणि साहेबांना निरोप धाडला, की आबांच्या वयाइतके दिवे ओवाळायचे आहेत, जेवायला या. आकडा मुद्दाम सांगितला नव्हता; लोकांनी दिवे मोजावेत आणि थक्क व्हावं, अशी त्याची हौस होती. त्याची बायको मनकर्णा हिनं पहाटेपासून कणकेचे एक्याऐंशी दिवे वळून ठेवले होते.

आता गंजीमागं आबांनी जे सांगितलं ते मुंजाजीनं जन्मात ऐकलं नव्हतं. आबांची शाळा आधी गावाची होती. सरकारनं ती ताब्यात घेतली तेव्हा आबा चौतीस वर्षांचे होते आणि पंचवीसच्या वरचा माणूस नोकरीत घ्यायचा नाही असा कायदा होता. त्या वेळचा साहेब भला होता. तो कारकुनाला म्हणाला, पच्चीस लिखो. आबा समोर उभे होते, आणि त्यांनी ते लिहू दिलं.

"दफ्तरात मी बहात्तरचा हाय," आबा म्हणाले. "जन्मभर खोट्यापायी पोरं बडवली मी. आता दफ्तर ज्याच्या हाती, त्या माझ्याच शाळंतल्या पोरासमोर एक्याऐंशी दिवे लावून बसू?"

मुंजाजीनं कार्यक्रम मोडायची तयारी दाखवली. पण गाव बोलावून झालं होतं, भात चुलीवर होता. शेवटी आबांनीच तोड काढली, की दिवे बहात्तर ठेवा.

नऊ दिवे उचलून मनकर्णानं गोठ्यातल्या फळीवर ठेवले. तेवढ्यानं भागेल असं मुंजाजीला वाटलं, पण वय ही वस्तू एकट्याची नसते हे त्याला हळूहळू कळत गेलं. पहिले अडले भटजी. बहात्तराव्या वर्षी हजार पौर्णिमा कशा भरतील, असं ते म्हणाले. शास्त्र बदलता येत नव्हतं, म्हणून पूजाच बदलली आणि सत्यनारायण घालायचं ठरलं. त्या दिवशी दुसरा कुठलाही देव चालला असता. पण भटजींजवळ पोथी तीच होती.

मग आबांची थोरली बहीण छबुबाई. ती पंच्याऐंशी वर्षांची, भावापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि हे ती भेटेल त्याला सांगत असे. मुंजाजीनं तिला विनवलं, की आजच्या दिवस आपलं वय शहात्तर सांग.

"कावून?" छबुबाई म्हणाली. "पंच्याऐंशी पावसाळे काढलेत म्या. त्यातले नऊ कुनाला देऊ?"

"आबासाठी, आत्याआजी."

"त्याच्यासाठी लई केलं म्या. आता वय न्हाई द्यायची."

तिला चुलीपाशी बसवून मुंजाजी ओसरीवर आला आणि बोटं मोजत बसला. त्याचा मागंच वारलेला बाप आबांच्या विसाव्या वर्षी झालेला. म्हणजे दफ्तराप्रमाणे आबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. बापालाही नऊ वर्षांनी लहान करावं, तर मुंजाजी स्वतः पोरवयातल्या बापाला झालेला निघत होता. त्यानं मोजणं सोडून दिलं. साहेबांनी वडलांचं विचारलं तर विषय बदलायचा, असं त्यानं ठरवलं.

दुपारी राधाकिशन साहेब आले. डोक्याला रुमी टोपी, अंगात शेरवानी. अंगणातच त्यांनी जोडे काढले आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर वर केली नाही. बहात्तर दिवे ओवाळले गेले. लोकांनी मोजले. आबा एवढ्याच वयाचे होय, असं दोघंतिघं म्हणाले. 

पंगत बसली, तेवढ्यात छबुबाई चुलीपासून उठून आली. लहानपणी राधाकिशन तिच्या हातची भाकर खाऊन शाळेत जायचा. साहेबांनी तिची विचारपूस केली आणि ती सुटली. "बंडाच्या साली ह्यो माजा भाऊ चार वर्सांचा. इंग्रजाच्या मुलखातली मानसं पळून येत व्हती, अन् मी ह्याला कडंवर घिऊन..."

सत्तावनच्या बंडाला सत्त्याहत्तर वर्षं होऊन गेली होती. "ते दुसऱ्या बंडाचं बोलत्यात," मुंजाजी घाईनं म्हणाला.

"दुसरं बंड कंचं बे?" पलीकडच्या पानावरून गावच्या अर्जुनराव पाटलांनी विचारलं.

"झालतं एक. ल्हान व्हतं."

आबांनी मान खाली घातली. समोर सत्यनारायण, मागं बहात्तर दिवे आणि नातू भर पंक्तीत एक आख्खं बंड रचतोय. ते पानावरून उठले, साहेबांचा हात धरला आणि त्यांना त्याच गंजीमागं घेऊन गेले. मुंजाजी धावत मागं गेला.

आबांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. साहेब खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, माझं वय किती हाय?"

"एकोनपन्नास. म्याच लिवलंय की."

"बावन्न. माझ्या मायनं तुमाला सांगितलं व्हतं. तुमी म्हनलात, पोरगं उशिरा शाळंत आलं, तीन वर्सं कमी धरू, पुढं नोकरीला कामी येतील. मी ऐकत उभा व्हतो."

आबांना ते आठवलं की नाही, कोण जाणे.  ते म्हणाले, "मंग इतक्या वर्सांत बोल्ला न्हाईस?"

"छडीच्या भ्यानं, मास्तर."

आबा हसले. त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं. साहेब म्हणाले, ते नऊ दिवे आणा, आपण इथंच लावू. मुंजाजी गोठ्यात पळाला. फळीखाली शेळी उभी होती आणि फळीवर नुसता तुपाचा ओशटपणा उरला होता. आबांची नऊ वर्षं तिनं वातींसकट खाल्ली होती.

मनकर्णा पुन्हा कणीक मळायला निघाली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लोकं जेवत्यात. पुढच्या साली करू." मुंजाजीलाही पाहुण्यांची गडबड होती. तो बरं म्हणाला. पुढं कितीतरी वर्षं ते 'बरं' त्याला सलत राहिलं. पीठ मळायला कितीसा वेळ लागला असता?

संक्रांतीच्या आधीच आबा गेले. थंडीत उन्हाला बसले होते, तसेच भिंतीला टेकले.

मुंजाजी चावडीवर मयताची नोंद करायला गेला. अर्जुनराव पाटलांनी वही उघडली आणि न विचारताच वय बहात्तर लिहिलं. मुंजाजी म्हणाला, ते एक्याऐंशी हवं. पाटलांनी लेखणी खाली ठेवली. तेही आबांचेच विद्यार्थी होते.

"म्या सोता दिवे मोजलेत, मुंजाजी. गेलेल्या मानसाचं वय वाढवू नगंस. तुज्या आज्याला खोटं खपत न्हवतं."

 पाटलांनी वही पुढं सरकवली. आबांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात, त्या बहात्तरच्या खाली त्यानं सही केली.