सुकलाल आप्पांची ताठ चाल

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत सगळ्यांत ताठ चालणारा माणूस म्हणजे सुकलाल आप्पा, आणि सगळ्यांत मोडका गुडघाही त्यांचाच. तो गुडघा असा वाजतो की एकदा लूम सुरू झाले समजून पाळीवाले डबे घेऊन निघाले होते!

आख्खा खान्देश सुरतेत येऊन कापड विणतो. आप्पा मात्र लूम सोडून मालवाहू बार्जवर खलाशी झाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या होत्या, "पानी आपलं नई." आप्पा म्हणाले, "जसा जास, तसाच धडधाकट येसू." मग एके दिवशी जेटीला बार्ज बांधताना दोरखंड तुटला आणि गुडघ्यावर बसला. गल्लीत सांगताना तो दोरखंड मनगटाएवढा होता. होळीपर्यंत हत्तीच्या सोंडेएवढा झाला. घरात मात्र एकच वाक्य: "पाय घसरना व्हता. काई नई व्हयनं."

कायद्याने खलाशाला भरपाई मिळते, पण पाय किती निकामी झाला ते सरकारी डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. पहिल्या तपासणीला वहिनी सोबत होत्या. आप्पा डॉक्टरसमोर परेडला निघाल्यासारखे चालले, वर दोन उठाबशा काढल्या. डॉक्टरनं लिहिलं, पाय ठीक. आप्पांच्या वकिलानं कपाळ बडवून घेतलं. बार्जवरची नोकरी सुटली, लूमवर उभं राहवेना, आणि वहिनी साड्यांना खडे चिकटवून घर चालवू लागल्या.

वकिलानं खटपट करून पुन्हा तपासणी मिळवली. मी आप्पांची शिकवणीच घेतली.

"आप्पा, थोडं लंगडा ना!"

"खोटं वागू का रे?"

"अहो, खरंच लंगडता तुम्ही!"

"कोनी देखं?"

मी गल्लीभर लंगडून दाखवलं. संध्याकाळपर्यंत तिघीजणी माझ्यासाठी हळदीचा लेप घेऊन आल्या.

तपासणीच्या दिवशी मीही सोबत गेलो; वहिनी डॉक्टरच्या खोलीत दाराजवळच्या बाकावर बसल्या. डॉक्टर म्हणाले, "चला." आप्पांनी वहिनींकडे एकदा पाहिलं आणि छाती फुगवली. गेली भरपाई, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात वहिनी उठल्या. "भाऊ, चला, माले पानी पाजा." मला ओढतच जिन्यापाशी नेलं. तिथं पाण्याचा नळ नव्हताच.

"वहिनी, ते पुन्हा..."

"त्यांच्या डाव्या चपलेची टाच तिरपी झिजते, भाऊ," वहिनी दाराकडे पाठ करून म्हणाल्या. "दुपारी ते झोपले की मी चप्पल चांभाराकडून नीट करून आणते. मागच्या वेळी मीच समोर बसले. माझीच चूक."

आतून आवाज आला. टप्... घस्स. टप्... घस्स. वहिनींनी पदर तोंडाशी धरला, पण वळल्या नाहीत.

"हां काका, अब सही चले!" डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

आप्पा बाहेर आले ते बंदुकीच्या नळीसारखे सरळ.

"काय म्हने डाक्टर?" वहिनींनी विचारलं.

"काय म्हनी! पाय एकदम मस्त शे."

"माले माहीत शे," म्हणत वहिनींनी जिन्याच्या तोंडाशी त्यांचा दंड धरला आणि स्वतःचा गुडघा चोळला. "पन मना गुडघा आज भलता दुखस. हयाहया, धीरे धीरे उतरा."

दोघं एकेका पायरीवर थांबत उतरू लागली. मी पुढे निघालो, तशी मागून आप्पांची हाक आली, "धीरे रे भाऊ! हिना गुडघा दुखस ना!"