सरकारी दिसणारे ड्रम

चौकातली कोंडी फोडायला अक्कल लागते, पूल लागत नाही! हे मी उघड लिहितो, ज्याला झोंबायचं त्याला झोंबू दे. आमच्या चौकात माझं रंगाचं दुकान आहे. दिवसभर गल्ल्यावर बसून मी एकच तमाशा बघतो. उजवीकडे वळणारा एक शहाणा रस्त्याच्या मधोमध थांबतो. सरळ जाणारे त्याच्या मागे अडकतात, मग ते डावीकडून घुसतात, मग डावीकडे वळणारे त्यांचा उद्धार करतात, आणि बघता बघता सगळा चौक ओल्या सुतळीच्या गाठीसारखा आवळून बसतो. उपाय? उजवीकडे वळणाऱ्यांना उभं राहायला वेगळी रांग द्या. थोडे ड्रम ओळीत ठेवा. संपलं!

हे सांगायला मी नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे गेलो होतो. त्याने माझ्यापुढे पुलाचा नकाशा पसरला. पूल कधी होणार विचारलं, तर म्हणाला, जागा मिळाली की. ड्रमला जागा लागत नाही म्हटलं, तर म्हणाला, ड्रमचं खातं वेगळं. असल्या माणसाशी डोकं फोडून आपलंच डोकं फुटतं, म्हणून उठून आलो.

तरी मी गप्प बसलो असतो. पण प्रश्न बायकोच्या लायसन्सचा होता. तिला शाळेची व्हॅन चालवायचं काम मिळालं होतं. सोमवारी लायसन्स दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो, असं शाळेने तोंडावर सांगितलं होतं. आणि ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा आमच्याच चौकात, माझ्या डोळ्यांदेखत, उजवीकडे वळताना! मागून हॉर्न सुरू झाले की तिचा पाय क्लचवरून सुटायचा आणि गाडी आचका देऊन बंद. एरवी ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. नापास करायला हवं होतं चौकाला, आणि नापास होत होती माझी बायको. आता शुक्रवारची परीक्षा ही शेवटची संधी.

म्हणून शुक्रवारी उजाडताच मी दुकानातले रिकामे ड्रम बाहेर काढले. आदल्या दिवशी त्यांना तांबडे-पांढरे पट्टे मारले होते. रंगाच्या बाबतीत मी हयगय करत नाही. ड्रम ओळीत लावले, मधून दोरी ओढली, डांबरावर झोकदार बाण काढला आणि अंगात चमकणारं जाकीट चढवून कडेला उभा राहिलो. सरकारी ड्रमला पोचे असतात, रंग उडालेला असतो. माझे ड्रम सरकारपेक्षा जास्त सरकारी दिसत होते!

आणि काम झालं हो! ऑफिसची गर्दी सुरू झाली तरी चौक वाहत राहिला. वळणारे रांगेत, सरळ जाणारे सरळ. एका टेम्पोवाल्याने तर जाता जाता मला चक्क सलाम ठोकला. इतक्या वर्षांत त्या चौकात माझ्याकडे बघून कुणी शिवीशिवाय काही केलं नव्हतं. छाती अशी फुगली की जाकिटाची चेन सरकली.

तेवढ्यात खोदाईचं यंत्र आलं.

पिवळंधमक, हत्तीएवढं, सोंड वर केलेली. मागे पाइप भरलेला ट्रक. यंत्र थेट माझ्या ड्रमपाशी आलं आणि थांबलं. मला वाटलं, वळायचं असेल, रांग आहेच. सोंड खाली येऊन डांबरात घुसली तेव्हा कळलं, याला वळायचं नाही!

मी धावलो. यंत्राचा चालक भलताच शांत माणूस. त्याने खाली न उतरताच सांगितलं, की पाण्याचा पाइप टाकायचाय आणि ठेकेदाराचा हुकूम आहे, ड्रम दिसतील तिथे खोद. मी म्हणालो, ते ड्रम पुढच्या चौकातले असतील. तो म्हणाला, पुढचा चौक बघूनच आलो, तिथे एक ड्रम नाही.

"अरे, पण हे ड्रम खोदाईचे नाहीत."

"मग कशाचे?"

मी खरं सांगणार होतो, तेवढ्यात मागे बघितलं. माझ्या खांद्यामागे वाहतुकीचा हवालदार येऊन उभा होता. विनापरवाना रस्ता अडवला म्हणून गेल्याच महिन्यात त्याने शेजारच्या गादीवाल्याच्या दुकानाला टाळं लावलं होतं.

"ड्रम तुम्ही ठेवलेत?" त्याने विचारलं.

"मी... देखरेख करतो."

"म्हणजे सुपरवायझर," चालक वरून म्हणाला. "मग बोला साहेब. किती खोल घेऊ?"

मी घाईने म्हणालो, थांब. तो लगेच थांबला. इतका थांबला की सोंड खड्ड्यात, धूड रस्त्यावर आडवं, अशा अवस्थेत इंजिन बंद करून त्याने डबा उघडला! आता बाजूला घे म्हटलं, तर म्हणाला, सुपरवायझरला खोदणं थांबवता येतं, यंत्र ठेकेदार सांगेल तेव्हाच हलणार. ठेकेदाराचा फोन लागेना. मागे पाइपचा ट्रक अडकला, ट्रकमागे बस, बसमागे अख्खं उपनगर. हॉर्न असे पेटले की माझ्या दुकानाच्या काचा थरथरायला लागल्या.

आणि त्या गर्दीतून, लाल एल लावलेली छोटी गाडी हळूहळू पुढे आली. स्टिअरिंगवर बायको. शेजारी परीक्षक, चेहरा असा की जणू जन्मतःच त्याला कुणीतरी ओव्हरटेक केलं असावं.

गाडी खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबली. आता क्लच सुटला की सोमवार गेला, व्हॅन गेली, सगळं गेलं.

परीक्षकाने काहीतरी सांगितलं. गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले. रिव्हर्स! ट्रक आणि दिव्याचा खांब यांच्यामधून, माझ्या दुकानालगतच्या बोळात! तिथून मी सायकलही उलटी नेली नसती. मला राहवलं नाही. मी तिच्यासमोर उभा राहून दोन्ही हात हलवायला लागलो. डावीकडे घे, अजून डावीकडे. पण तोंड तिच्याकडे असल्यामुळे माझं डावं ते तिचं उजवं! गाडीचा आरसा ट्रकला चाटायलाच आला. तिने ब्रेक मारला. माझ्याकडे एकदा असं बघितलं, की माझे हात आपोआप खाली आले. मग मान वळवली आणि टेबलाचा खण आत सारावा तशी ती गाडी एका दमात बोळात सारून मोकळी झाली.

परीक्षकाने काच खाली केली. ओळखीच्या माणसाने बाहेरून मदत केली की उमेदवार नापास, हा नियम घरी मीच तिच्याकडून पाठ करून घेतला होता. आठवला मात्र आत्ता.

"खुणा करणारा हा माणूस कोण, बाई? तुमच्या ओळखीचा आहे?"

बायकोने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. शांतपणे, भाजी निवडताना किडकं पान बघावं तसं.

"नाही हो साहेब. पहिल्यांदाच बघतेय. रस्त्यावर असे बरेच असतात."

पापणीसुद्धा हलली नाही! गाडी बोळाच्या दुसऱ्या टोकाने निघून गेली. ठेकेदार दुपारी उगवला आणि खड्डा चुकीच्या चौकात काढला म्हणून सगळ्यांच्या आधी माझ्यावरच ओरडला. ड्रम बरोबर होते, हे मी आजही म्हणतो.

संध्याकाळी बायको घरी आली ती पास होऊन. मी इतका खूश झालो, की सकाळचं सगळं विसरायला तयार होतो. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, परीक्षकसाहेबांनी त्या खुणा करणाऱ्या सुपरवायझरविरुद्ध तक्रार दिलीय, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

"आणि तू केलीस?"

"केली. वर्णनपण विचारलं त्यांनी."

"काय सांगितलंस?"

"दिसलं ते. पोट सुटलेलं, चष्मा वाकडा, डावं-उजवं कळत नाही."

"अगं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगायचं!"

"अहो, काहीतरीच काय," ती म्हणाली. "साहेबांसमोर खोटं कसं बोलणार?"

मी अंगात अजून तसंच राहिलेलं जाकीट तेवढं गपचूप काढलं.